खळ्यावरचं अर्धं कोर्ट

मी, मंजुषा गोरक्ष लोंढे, वय चौसष्ट, राहणार भोसरी, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. वकीलबाईंनी सांगितलं की मी शुद्धीवर आहे आणि मला सगळं नीट आठवतं, हे सुरुवातीलाच यायला हवं. म्हणून काय आठवतं ते आधी लिहिते.

एप्रिलमधली दुपार होती. आमच्या टेनिस कोर्टवर जुन्या साड्या पसरून कुरडया वाळत घातल्या होत्या. माझी धाकटी जाऊ तनुजा निघोज्याहून नुकतीच लग्न होऊन आली होती. कावळे उतरले तशी तिने भिंतीला टेकवलेली माझी रॅकेट उचलली आणि त्यांच्यामागे धावली. ओट्यावरून सासूबाई, शालनबाई, ओरडल्या, "अगं, ती खेळायची बॅट हाय, कावळं हाकायची न्हाई!" तनुजा हसत सुटली. मी तिचा हात पाहत होते. ती हात मागे नेतच नव्हती. नुसतं मनगट फिरत होतं, आणि कावळा येईपर्यंत थांबायचं सोडून ती पुढे जाऊन त्याला गाठत होती. मी म्हटलं, "माझी रॅकेट तुला जड पडते. तुला वेगळी घ्यावी लागेल."

"कावळ्यांसाठी?" ती म्हणाली.

हे मला कालच्यासारखं आठवतं. तेव्हा मी शुद्धीवर आहे, असं समजावं.

मला कोणी धाक दाखवलेला नाही किंवा लालूच दाखवलेली नाही. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, आजकाल साधं असतं. मला भीती वाटत नाही. खरं सांगायचं तर मागच्या वर्षी माझे यजमान गेल्यापासून मला फारसं काहीच वाटत नाही. चहा गरम होता की गार, हे कप खाली ठेवल्यावर लक्षात येतं. याची इथे नोंद असावी, म्हणजे मी हे रागाच्या किंवा मायेच्या भरात लिहिलं, असं नंतर कोणी म्हणू नये.

एक. माझी माणसं. मला दोन मुलं. मुलगा ओंकार वाकडला राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. त्याची मुलगी संस्कृती दहा वर्षांची आहे. माझी मुलगी हर्षाली नाशिकला कॉलेजात शिकवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी हर्षालीने करावी. ओंकार हुशार आहे, पण हर्षाली कागद शेवटपर्यंत वाचते.

दोन. घर आणि ठेवी. भोसरीचं राहतं घर आणि घरामागची जागा यजमानांनी हयातीतच नोंदणीकृत बक्षीसपत्राने माझ्या एकटीच्या नावावर केली होती. त्यातलं घर दोन्ही मुलांना समान द्यावं. बँकेतल्या ठेवीही तशाच. माझ्या पाटल्या हर्षालीला. बाजूच्या अंगणातली खोली कौशल्याबाईंकडे त्या आहेत तोवर राहावी. त्या आमच्याकडे आणि पलीकडे तनुजाकडे, दोन्ही घरी कामाला आहेत. त्यांना कोणी 'खाली करा' म्हणू नये. त्या जातील तेव्हा स्वतःच जातील, आणि जाताना चार गोष्टी सुनावूनच जातील.

तीन. रॅकेटी. यावर मला थोडं जास्त लिहायचं आहे. कपाटातल्या रॅकेटी मुलं 'आईची आठवण' म्हणून वाटून घेतील, अशी मला खात्री आहे. तसं करू नये. रॅकेट ही आठवणीसाठी घ्यायची वस्तू नाही. ती हाताला बसते म्हणून घ्यायची.

लाकडी रॅकेट माझ्या शाळेतली आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी मी शाळा सोडताना दिलेली. चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवली नाही तर दमट हवेत ती वाकते. तिचं तोंड, म्हणजे तारांचा भाग, लहान आहे आणि वजन फार. आज तिने कोणी खेळायचा प्रयत्न करू नये. ती हर्षालीने चौकटीसकट न्यावी.

माझी नेहमीची काळी रॅकेटही हर्षालीला. ती माझ्यासारखीच मागच्या रेषेवर थांबून खेळते, चेंडू येऊ देते, पूर्ण हात फिरवते. ज्याचा हात लांब फिरतो त्याच्याकडे जोर स्वतःचाच असतो. त्याला जोराची रॅकेट नको, लगामाची हवी. थोडी जड, तोंड बेताचं. ही तशी आहे. मात्र मुठीवरची पट्टी तिने नवीन गुंडाळावी, तिची बोटं माझ्यापेक्षा लांब आहेत. मूठ धरल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट बसलं पाहिजे. बसलं नाही तर मूठ बारीक, ऐसपैस बसलं तर जाड. हे मला सिस्टरनी शाळेच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टवर शिकवलं. तेव्हा त्यांच्या पांढऱ्या झग्याच्या बाहीला खडूचा वास येत होता.

यजमानांची रॅकेट ऋतिकला द्यावी. ऋतिक तनुजाचा मुलगा, माझा पुतण्या, चाकणच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला आहे. ओंकारला याचं वाईट वाटेल. वडिलांची वस्तू म्हणून त्याच्याकडे त्यांचं घड्याळ आहे. यजमानांचं वर्कशॉप होतं, सगळं आयुष्य लेथवर गेलं. त्यांनी ही रॅकेट दुकानात हातावर तोलून घेतली होती. "मंजू, वजनात माल असतो," असं म्हणून त्यांनी सगळ्यात जड उचलली. पुढे कोपर सुजलं, हळदीचा लेप लावला आणि दोष लेथच्या हँडलला दिला. पण ऋतिक उंच आहे, कॉलेजात असताना दम लावून खेळायचा. त्याच्या हाताला हे वजन साजेल. त्याने ती तोंडाकडून नाही, मुठीकडून तोलून पाहावी, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल.

ओंकारला मोठ्या तोंडाची, हलकी, निळी रॅकेट. तिच्यावर 'शिकाऊंसाठी' असं लिहिलेलं नाही, पण ती तशीच आहे. चेंडू मधोमध बसला नाही तरी ती माफ करते. यात त्याने अपमान मानू नये. दर दिवाळीला तो 'आता सुरू करणार' म्हणतो. सुरू करणाऱ्या माणसाला हीच लागते.

संस्कृतीला माझ्याकडची कोणतीच देऊ नये. तिच्यासाठी नवी घ्यावी, माझ्या ठेवीतून. गेल्या महिन्यात ओंकार मला म्हणाला, "आई, मोठ्यांच्याच मापाची घेतो, टॉपची. वाढत्या मापाची घेतली की चार वर्षं बघायला नको." शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतात, बूट घेतात, आमच्याकडे लग्नातला कोटसुद्धा घेतला होता. रॅकेट घेत नाहीत. लांब रॅकेट पोरीच्या हातात दिली की ती मूठ सोडून वरती धरते, खांदा उचलते, आणि ती सवय रॅकेट बदलली तरी जात नाही. संस्कृतीला सरळ उभं करावं, हात खाली सोडायला लावावा आणि रॅकेट तिच्या शेजारी धरावी. टोक जमिनीला लागायला हवं, पण मुठीसाठी खांदा उचलावा लागता कामा नये. त्या मापाची घ्यावी. दोन वर्षांनी दुसरी घ्यावी. ती नंतर बुद्धिबळ खेळायला लागली, तरी पैसे वाया गेले असं म्हणू नये.

चार. कोर्ट. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

आमचं कोर्ट म्हणजे पूर्वीचं खळं. एमआयडीसीत जमिनी गेल्या, पण घरामागची ही जागा राहिली. सासरे अर्जुनराव तेव्हा एका कंपनीच्या कॉलनीत दूध घालायला जायचे. तिथे साहेबांच्या बायका खेळताना ते सायकल थांबवून पाहत. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सामानात रॅकेट होती. भाऊबंदात कुजबुज झाली. सासरे म्हणाले, "आपल्या खळ्यासारखंच असतंय ते. धोंडा फिरवायचा, पानी मारायचं. शेन सारवायचं न्हाई एवढंच." त्यांनी मुरूम आणि लाल माती आणली, गावातल्या माणसांकडून दाबून घेतली, आणि रेषा मारायला चुन्याची फक्की स्वतः घेऊन उभे राहिले. सुगीच्या दिवसांत तिथे वाळवण, संध्याकाळी आम्ही दोघी जावा. तनुजा जाळीपाशी, मी मागे. तिची रॅकेट मी निवडली. हलकी, सगळं वजन मुठीकडे, म्हणजे तोंड पटकन वळतं. जाळीजवळ उभ्या राहणाऱ्याला विचार करायला वेळ नसतो, रॅकेटने आड येता कामा नये. कॉलनीच्या स्पर्धेत आम्हाला 'भोसरीच्या वहिन्या' म्हणून मागच्या कोर्टवर खेळायला लावत. आम्ही जिंकायचो आणि बसने घरी येऊन स्वयंपाकाला लागायचो.

सासऱ्यांच्या माघारी दोघा भावांची वाटणी झाली. मोजणी आली. विहिरीपासून ओढलेली रेघ बरोब्बर कोर्टच्या जाळीवरून गेली. हद्दीचे दगड जाळीच्या दोन्ही खांबांशी रोवले. यजमान म्हणाले, "सोपान, इहीर आन् खळं वाटत न्हाईत. आबा सांगून गेलेत. सामाईक ऱ्हाऊ दे."

सोपान भाऊजी, म्हणजे तनुजाचे यजमान, म्हणाले, "दादा, खळं हाय कुठं आता? बायकांचा खेळ हाय त्यो. मोजनी सरकारी हाय, जाळीवरनं गेली तर मी काय करू?"

तनुजा चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होती. तिने एक शब्द बोलावा म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिने चहा पुढे केला. तो चहा मी घेतला नाही. हा माझ्या मनातला जुना हिशेब आहे, आणि मृत्युपत्रात तोही लिहावा असं मला वाटतं.

पंधरा दिवसांत भाऊजींनी जाळीच्या जागी पत्रे उभे केले. अर्धं कोर्ट त्यांचं, अर्धं आमचं. पत्र्यावर चेंडू मारून सराव करता आला असता. आवाज फार झाला असता, म्हणून केला नाही. तेव्हापासून आम्ही दोघी बोललो नाही. भाऊजी कोरोनात गेले, तेव्हा कोणालाच कोणाकडे जाता आलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा तनुजा आली, बायकांत बसली, आणि गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. राग नव्हता. काय विचारायचं असतं ते त्या दिवशी आठवलं नाही.

पाच. अर्ध्या कोर्टाची व्यवस्था. यजमानांच्या वर्षश्राद्धानंतर ओंकार आणि ऋतिक दोघं मिळून माझ्याकडे आले. टेबलावर बिल्डरचा नकाशा पसरला. त्यात कोर्टच्या जागी गाड्यांचं तळघर होतं. बिल्डरला दोन्ही अर्धी एकत्र हवीत, नुसत्या एकाचा उपयोग नाही.

ओंकार म्हणाला, "आई, अर्ध्या कोर्टात कोण खेळतं? नुसती धूळ येते घरात."

ऋतिक म्हणाला, "मोठी आई, तुम्हा दोघींना समोरासमोर फ्लॅट देतो. एकाच मजल्यावर. दार उघडलं की तुम्ही, दार उघडलं की ती."

"दोघींनी दार बंद ठेवलं तर?" मी विचारलं.

पोरं वाईट नाहीत. पत्रे त्यांनी उभे केलेले नाहीत.

मी ऋतिकला विचारलं, "तुझी आई काय म्हणते?"

"तिला विचारलं की एकच सांगते, 'ताईंना विचार.' म्हणजे तुम्हाला."

मी सही केली नाही. आणि नाहीही म्हटलं नाही. नकाशाची गुंडाळी अजून फ्रिजवर आहे.

मृत्युपत्र केलं नाही तर हे अर्धं कोर्ट मुलांकडे जाईल, आणि ऑपरेशनच्या खोलीतून मी बाहेर आले नाही तर बाराव्याच्या आत ते विकलं जाईल. म्हणून माझ्या मालकीचं अर्धं कोर्ट, हद्दीच्या दगडांपासून माझ्या घराच्या ओट्यापर्यंत, मी माझी जाऊ तनुजा सोपान लोंढे हिला संपूर्ण मालकी हक्काने देत आहे. कोणतीही अट नाही. वकीलबाईंनी दोनदा विचारलं, "न विकण्याची अट घालू का?" मी नको म्हटलं. तिने ते ठेवावं, विकावं, त्यावर मेथी लावावी. पण या जागेचं काय करायचं हे तिथे खेळलेल्या बाईने ठरवावं, नकाशा पाहणाऱ्याने नाही. 'ताईंना विचार' असं तिला आता म्हणता येणार नाही. ओंकार आणि हर्षाली यांनी यावर दावा लावू नये. लावला तर वाकडच्या घरासाठी यजमानांनी काय काय केलं ते हर्षालीला ठाऊक आहे.

सहा. तार ओढायचं मशीन. पुढच्या खोलीत जे हिरवं मशीन आहे, त्यावर मी गेली कित्येक वर्षं रॅकेटींना तारा ओढते. यजमानांनी ते वर्कशॉपमध्ये माझ्यासाठी बनवलं. जुन्या लेथचा पाया आहे, चिमटे त्यांनी स्वतः घासून काढले. हिंजवडीची पोरं, चाकणच्या कारखान्यातले परदेशी साहेब, शाळांचे कोच, सगळे येतात. मी त्यांना आधी विचारते, कुठे दुखतं? मग तार किती पौंडांच्या ताणावर ओढायची ते ठरवते. तार घट्ट असली की चेंडू हुकमात राहतो पण दणका हाताला बसतो. सैल असली की चेंडू लांब जातो आणि कोपर वाचतं.

पत्रे लागल्यानंतरही तनुजाची रॅकेट दर खंडेनवमीच्या आधी माझ्याकडे येत राहिली. कौशल्याबाई पदराखाली घेऊन यायच्या. "धाकल्या बाईंनी दिलीया. काय बोलल्या न्हाईत." मी तार ओढून परत द्यायचे. मीही काही बोलायचे नाही. खंडेनवमीला यजमानांची अवजारं पुजली जायची तेव्हा पत्र्यापलीकडे तिचीही रॅकेट हळदीकुंकू लावून पाटावर असणार, हे मला ठाऊक होतं.

एका वर्षी मी तिची तार दोन पौंड उतरवली. कौशल्याबाई संध्याकाळी परत आल्या.

"धाकल्या बाई इचारत्यात, यंदा सैल का लावली?"

"वयाप्रमाणे, म्हणावं."

त्या गेल्या, आणि पुन्हा आल्या. "म्हनत्यात, वय कुनाचं?"

त्या दिवशी मी हसले होते. कौशल्याबाई म्हणाल्या, "मला काय टपाल समजताय व्हय तुमी दोगी? पत्रा काय आबाळापत्तूर हाय का?" तरी रॅकेट त्याच नेत-आणत राहिल्या.

तार ओढायचं हे मशीन, चिमटे, टोचा आणि शिल्लक तारांची रिळं मी ऋतिकला देत आहे. त्याचा हात मशीनला सवयीचा आहे, शिकायला त्याला फार दिवस लागणार नाहीत. कसं करायचं ते हर्षाली दाखवेल. आणि त्याला एक गोष्ट सांगून ठेवते, कारण तो मशीनवाला माणूस आहे, तार हातात घेतली की त्याला ती दिसेलच.

खेळून तुटलेली तार एकदम तुटत नाही. उभी तार आडवीवर घासून घासून आधी खाच पडते, तिथे धागे सुटतात, मग ती जाते. गेली बरीच वर्षं तनुजाच्या रॅकेटच्या तारांना खाच नाही. तुटलेली टोकं स्वच्छ असतात. एकच तार, मधोमध, पक्कडीने कापलेली. तिचे गुडघे गेले आहेत, ती आता खेळत नाही, हे मला गच्चीवरून दिसतं. तरी दर वर्षी दसऱ्याच्या तोंडावर ती एक तार कापते आणि रॅकेट माझ्याकडे पाठवते. मी सगळी तार काढून नवी ओढते. यंदाही ओढली.

म्हणून ऋतिक, माझ्यानंतर खंडेनवमीच्या आधी तुझी आई रॅकेट तुझ्यापुढे ठेवेल. ठेवली नाही तर तू मागून घे. अठ्ठेचाळीस पौंडांवर ओढ, त्याहून घट्ट नको. तार कशी तुटली, हे तिला विचारू नकोस.

वर लिहिलेलं मी पुन्हा वाचून पाहिलं आहे. खाडाखोड केलेली नाही. खालच्या दोघींनी मला सही करताना पाहिलं, आणि मी त्यांना. दोघींपैकी कोणालाही यातलं काही मिळणार नाही, आणि तरीही त्या आल्या.

ठिकाण : भोसरी
दिनांक : २२ नोव्हेंबर २०२५

(सही) मंजुषा गोरक्ष लोंढे

साक्षीदार :
१. (सही) इंद्रायणी कुलदीप फुगे, निवृत्त शिक्षिका, भोसरी
२. (सही) डॉ. दुर्गा अशोक नढे, काळेवाडी

या मृत्युपत्राची मूळ प्रत वकीलबाईंकडे आहे. एक नक्कल हर्षालीला द्यावी. दुसरी ओंकारला, बाराव्यानंतर. तिसरी कौशल्याबाईंच्या हाती द्यावी. कोणाकडे न्यायची ते त्यांना सांगावं लागणार नाही.